ब्याऐंशी

मे महिन्यात, दुपारी अडीचला,
कन्हानपासून हीटर लावून आलो मी.
चारही काचा खाली, पंखा चारवर,
पायांशी भट्टीचं तोंड उघडलेलं.
सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने
दुपट्ट्याच्या फटीतून पाहिलं, नुसत्या डोळ्यांनी विचारलं:
बरे आहात ना?
काय सांगणार त्याला,
इंजिनाचा ताप थोडा आपल्या अंगावर घेतला
तर काटा लालच्या अलीकडे थांबतो म्हणून.

ऑटोमोटिव्ह चौकामागे कडुनिंब, त्याखाली हेडाऊंचं गॅरेज.
त्यांनी बॉनेट उचललं. इंजिन कढत,
रेडिएटरकडे जाणारा पाइप मात्र कोमट.
"वॉल्व्ह बसला. काढून टाकतो, बिनावॉल्व्हची चालवा.
नागपुरात काय काम हाये त्याचं?
इथं माणूसच उकळून राहिला."
तीस वर्षांत त्यांनी असे काढलेले
डालड्याच्या एका जुन्या डब्यात पडून आहेत.
कधी फेकले नाहीत, कधी लावले नाहीत.

तेजल मेश्राम, आयटीआयची, आठ महिने झाले इथं,
चिंधीला हात पुसत म्हणाली,
"तपासून तर पाहू, काका."
"काय पाहायचं त्याच्यात?"
"उघडते का नाही, ते."

इंजिन निवायला तास गेला.
गरम झाकण घाईत उघडलं की काय होतं
ते हेडाऊंच्या मनगटावर गुळगुळीत लिहिलेलं आहे.
मग घमेल्यात हिरवं पाणी, दोन बोल्ट,
ब्लेडने खरवडलेलं जुनं गॅस्केट,
आणि तळहातावर तो:
पितळी, एवढासा, कडेला कोरलेलं ८२.

उईके चहावाल्याने चहाचं पातेलं दिलं नाही.
अंडी उकडायचं दिलं.
तेजलने वॉल्व्हची फट नखाने उचलून
तिच्यात दोरा अडकवला, पाण्यात सोडला.
उघडला की सुटेल, तळाला जाईल.
शेजारी थर्मामीटर, प्रॅक्टिकलचा, चिकटपट्टी लावलेला.
सत्तर.
अठ्ठ्याहत्तर.
ब्याऐंशीला आम्ही सगळे वाकलो, उईकेसुद्धा.
नव्वद.
पाणी खळखळ उकळलं
आणि तो दोऱ्याला दात लावून लटकलेलाच,
जणू काही झालंच नाही.

"हा गेला," हेडाऊ म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"
"हा गेला. पण जागा रिकामी नको, काका.
सदैव थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते.
त्यालाही थोडा ताप लागतेच."

सदरहून नवा आला, सहाशे चाळीसचा.
तोही तिने आधी दोऱ्याला बांधला.
खोक्यातून आला म्हणून काय झालं, म्हणाली.
आत मेण आहे म्हणे, चिमूटभर.
ते फुगतं, दांडीला रेटतं,
स्प्रिंगचा हट्ट मोडतो.
मी मेणबत्त्यांपुरतंच ओळखत होतो मेणाला.
ऐंशी. एक्क्याऐंशी.
टण्.

बसवला. नवं गॅस्केट, नवं पाणी,
बुडबुडे संपेपर्यंत झाकण उघडं ठेवून गाडी चालू.
काटा चढला, मध्यावर आला, आणि बसला तिथेच,
जेवण झालेल्या माणसासारखा.
आता पाइप दोन्ही कढत. हीटर बंद.
मी पैसे मोजत होतो,
तेजल हत्यारं पुसत होती.

हेडाऊ डबा घेऊन आले.
काही बोलले नाहीत. वरचाच एक उचलला,
गंज अंगठ्याने पुसला,
कुठल्या गाडीचा ते आठवतंय का पाहिलं बहुधा.
दोरा त्यांच्या जाड बोटांना जमेना, तिने अडकवून दिला.
पाण्यात थोडं गार ओतून उईकेने पुन्हा स्टोव्ह मोठा केला.

टण्.

कोणी हसलं नाही.
वर मेट्रो गेली, कडुनिंबाची सावली हलली नाही.
हेडाऊंनी डब्यात हात घातला,
दुसरा काढला.
"पाणी गरम हाये अजून?"
"आहे, काका."