मूठ

केपेंच्या आरोग्य केंद्रात, औषधांच्या खिडकीमागे
माझी एकवीस वर्षे गेली.
जुन्या वह्यांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या,
अक्षर माझेच, पण तेव्हा जरा गोल होते.

गेल्या उन्हाळ्यात बांबोळीहून डॉक्टर शाल्मली केंकरे आल्या.
वॉरफरिन घेणाऱ्यांच्या सगळ्या नोंदी हव्यात म्हणाल्या.
म्हणजे हृदयात धातूची झडप बसवलेली माणसे.
रक्त घट्ट झाले तर झडप अडते,
पातळ झाले तर हिरडी, लघवी, मेंदू,
मिळेल तिथून वाट काढते.
मधली जागा अरुंद. अडीच ते साडेतीन.
गोळीचे माप दूरच्या देशांत ठरलेले,
तिथल्या माणसांच्या ताटात काय होते
ते कुणी लिहून ठेवले नव्हते.

मी वाचत गेले, त्या संगणकात भरत गेल्या.
नावे काढली.
मोरपिर्लाचा सोयरू वेळीप झाला त-सतरा.
संमतीच्या कागदावर अंगठा देताना तो म्हणाला,
"नांव कित्याक काडटात?
म्हजें नांव आनी खंय बरयलां?"
मी नियम सांगितला. नियम बरोबरच होता.
शाई पुसायला कापूस दिला
आणि हळूच त्याला त्याचा आकडा सांगून टाकला.

तीन आठवड्यांनी पडद्यावर एक रेघ उमटली.
दरसाल आषाढ सरता सरता खाली घसरणारी,
आश्विनात पुन्हा वर.
एकट्या सोयरूची नव्हे, चौतीस जणांची.
पावसात गोळ्या चुकवत असतील, डॉक्टर म्हणाल्या, रस्ते वाईट.
मी वह्या पुढे केल्या. गोळ्या नेल्याच्या तारखा, सह्या, अंगठे.
आणि पिएदाद रिबेलो, त-बावीस,
त्याच रस्त्याची, त्याच चिखलातून येणारी,
तिची रेघ मात्र सरळ,
शिवणाच्या वर्गात ती मारायची त्या टिपेसारखी.

मग फरक कशात?
मी हसले, कारण तेवढ्यात
माझ्याच डब्याचा वास आला.
टायकिळो!
श्रावणात मासळी बंद, आणि कुंपणाखाली
फुकट माजलेला हा टाकळा,
ओले खोबरे, फणसाच्या आठळ्या.
माझ्याकडे दिवसाआड, सोयरूकडे दोन्ही वेळा.
तो हिरवा पाला गोळीशी भांडतो,
रक्ताला पुन्हा आपल्या वळणावर नेतो.
पिएदादला कसला श्रावण! तिच्याकडे सुके बांगडे.

एक ओळ मध्येच तुटली होती.
त-नऊ. भाद्रपदात आकडा एक दशांश चार.
पुढच्या रकान्यात माझ्या त्या गोल अक्षरात: आली नाही.
त्यापुढच्या महिन्यातही: आली नाही.
मग वही संपली, आणि नव्या वहीत
मी ती ओळ उतरवलीच नाही.
बाळ्ळीची सत्यवती गांवकार.
तिचा मुलगा उरलेल्या गोळ्या परत द्यायला आला होता.
अठरा.
मी मोजून घेतल्या, साठ्यात लिहिल्या,
पुढच्या माणसाला हाक मारली.

अपुऱ्या ओळी वगळता येतात, डॉक्टर म्हणाल्या.
मी म्हटले, ही अपुरी नाही.
त्या थोडा वेळ गप्प बसल्या,
मग ठेवली.

आता आषाढ लागला की गोळ्यांबरोबर
खिडकीतून एक प्रश्नही जातो. भाजी किती?
सोयरू हात पुढे करतो, बोटे मिटलेली.
झाकली मूठ सव्वा लाखाची, ठाऊक आहे रे,
पण उघड, बघू दे केवढी.
खा टायकिळो, सोडू नकोस.
फक्त आज एवढी, उद्या तेवढी, असे नको,
मूठ तीच ठेव,
आणि पंधरा दिवसांनी रक्त देऊन जा.

पिशवीला गाठ मारता मारता तो विचारतो,
"तो त-सतरा कसो आसा?"

बरा आहे, मी म्हणते.
दोन दशांश आठ.