काळ्या जमिनीत क्रूस सरळ राहत नाही

आमच्या पूर्णेकाठच्या मातीचं हे जुनंच आहे.
पावसाळ्यात फुगते, वैशाखात फाटते,
आणि दरवर्षी कबरस्तानातले क्रूस थोडेथोडे कलतात,
कोणी नदीकडे, कोणी एसटीच्या रस्त्याकडे,
उपासनेत डुलकी लागलेल्या मंडळीसारखे.
ते सरळ करायचं काम माझं.
पगार नाही. कुणी दिला तर चहा.

अकरा वर्षं मी सगळ्यांचे क्रूस सरळ केले,
बापाचा मात्र अर्धाच.
माझ्या बाजूने दाबायचो.
पलीकडची बाजू हनोखची,
त्याने येऊन दाबावी असं मी ठरवलं होतं,
त्याला न सांगता.

मिशन दवाखान्याच्या आवारात, कडुनिंबाखाली,
सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो होतो,
"बाप तुह्या सहीनं मेला."
धाकटा काही बोलला नाही.
चपलेचा पट्टा नीट केला,
बापाची कपड्यांची पिशवी उचलली
आणि जीपकडे चालू लागला.

तेव्हापासून तो डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडच्या.
प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची ओळ आली
की मला खोकला यायचा.
दर रविवारी, नेमका तिथेच.
पाळकबुवा म्हणाले, गिदोनभाऊ, छातीचा फोटो काढा.
काढला. छाती स्वच्छ निघाली.

शुक्रवारी हनोख अंगणात बाजेवर झोपला
तो उठला नाही.
प्रिस्किलाचा निरोप आला: खड्डा तुम्हीच खणा,
दुसऱ्या कोणाचा हात नको, असं ते म्हणायचे.

म्हणायचा?
कधी? कोणत्या वर्षी?

सब्बल मारली तर खणकन परत आली.
मे महिन्यातली काळी जमीन मारून ऐकत नाही.
बाप सांगायचा, रात्री पाणी सोडा, सकाळी खणा.
टँकरचं गोडं पाणी प्यायलाच पुरत नाही,
म्हणून विहिरीचं खारं आणलं,
बावीस बादल्या,
एकाच भेगेत ओतत राहिलो.
पाणी जात होतं. कुठे जात होतं कळत नव्हतं.
आणि तिथे अंधारात मला सांगावंच लागलं.

देवबापा,
डॉक्टरांनी कागद आधी माझ्यापुढे धरला होता.
थोरला मी.
हात कापला. म्हटलं, माहा चष्मा घरी राह्यला,
आणि पेन हनोखकडे सरकवलं.
चष्मा खिशात होता.
तुला ठाऊक होतं. त्यालाही.
अकरा वर्षांत कुठल्याही रविवारी
तो उठून उभा राहू शकत होता.

वीज पडली नाही, वाणी झाली नाही.
एक टिटवी ओरडत गेली, ती रोजच ओरडते.
मी रिकाम्या बादलीला टेकून झोपलो.
सकाळी सब्बल हातभर आत गेली,
लोण्यात जावी तशी नाही, पण गेली.
भरवसा म्हणतात तो हाच का, मला सांगता येणार नाही.
एवढंच की मी ओतलेलं
मी झोपेत असताना
कुणीतरी रात्रभर खाली खाली नेत होतं.

मातीच्या वेळी ती ओळ आली.
खोकला आलाच.
मंडळी पुढे निघून गेली, आमेनही झालं,
मग मी ती ओळ एकट्याने म्हटली, उशिरा,
आवाज फाटला.
प्रिस्किलाने वळून पाहिलं.
तिला अजून सांगायचं आहे. खिशातल्या चष्म्याचं.
दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आलो.

पाऊस पडेल, बापाचा क्रूस पुन्हा कलेल.
पलीकडच्या बाजूला आता हनोख आहे.
त्याच्यावर पाय न देता
तिकडून दाबायचं कसं, ते पाहतो आहे.
जागा फार अरुंद आहे, देवा.
एका बाजूनं तू धरजो.