रिकामं काडतूस

पाठ फिरवून रायफल भरतो चेन्जेराय,
आत काय घातलं, सांगत नाही.
अंगठ्याएवढी गोळी, की नुसतंच पितळ?
खांद्यावरचा कालचा काळानिळा डाग
आधीच अंग चोरतो.

अर्धा श्वास सोडून चाप ओढला.
खट्.
धक्का नाही, धूर नाही,
नळीचं तोंड मात्र वीतभर जमिनीकडे.
"पोरी, रेड्याआधी तूच दचकलीस."

असे सोळा दिवस.

आज झांबेझीकाठी, मोपानेच्या विरळ सावलीत
तो राखेची पुरचुंडी झटकतो;
राख आमच्याच तोंडावर येते. बरं झालं.
चाळीस पावलांवर रानरेडा,
कूस दाखवायला तयार नाही.
थांबले. माशी ओठावर बसली, बसू दिली.

मग तो वळला.
काडतूस आज मीच भरलंय,
तरी मनाशी म्हटलं:
रिकामंच आहे.