पुसलेले पट्टे

त्बिलिसीत शर्यत रविवारी.
मध्यरात्री नदीकाठच्या रस्त्यावर
वाझा गटारांची झाकणं वेल्ड करतोय.
"गाडी गेली की उडतात," म्हणतो,
जणू दूध उतू जाण्याबद्दलच बोलतोय.

तिसऱ्या मजल्यावर त्सियालाबाईंना नगरपालिकेची चिठ्ठी:
तीन दिवस बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत,
जग बघणार आहे.
त्यांनी दोरी सोडली नाही.
चिमटे तेवढे मोजून ठेवले.

डांबर नवं, अजून कोमट.
पांढरे पट्टे खरवडून काढलेत,
चाकं घसरतात म्हणे.

पहाटे, कानात पिवळा बिल्ला असलेली
म्हातारी कुत्री आली,
रोजच्या जागी थांबली.
डावीकडे पाहिलं. उजवीकडे.
रस्ता सगळा रिकामा,
आणि पट्टे नाहीत,
म्हणून बसूनच राहिली.

वाझानं मुखवटा कपाळावर सरकवला,
तिला पलीकडे सोडून आला.

अजून चाळीस झाकणं होती.