दहा तेत्री

तिबिलिसीत, ग्लदानीच्या आमच्या नऊमजली इमारतीत
लिफ्ट फुकट नव्हती.
आत पत्र्याचा डबा, डब्याला फट,
फटीत दहा तेत्रीचं नाणं सरकवलं
की ती आधी कण्हायची, मग विचार करायची,
मग निघायची वर.
उतरायला पैसे नव्हते.
शाल्वा म्हणायचा, खाली यायला कुठेच पडत नाहीत.

शाल्वा जिन्याखालच्या खोपटात बूट शिवायचा
आणि तळमजल्यावरच राहायचा.
त्याला लिफ्ट लागतच नव्हती.
हे लक्षात असू द्या.

फेब्रुवारी. मी अकरा वर्षांचा.
हातमोजा काढायला म्हणून नाणं डब्यावर ठेवलं
आणि आठवलं, पाव दुकानातच राहिला.
धावलो.
परत आलो तर लिफ्टमध्ये नाझीब्रोला बाई,
आठव्या मजल्यावरच्या, शाळेत भूगोल शिकवून थकलेल्या,
पायाशी बटाट्यांची पिशवी.
पर्स उलटी केलेली. कोटाचे खिसे जिभेसारखे बाहेर.
गुडघे दोन, दोन्ही रुसलेले.
मग त्यांना ते दिसलं.
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
छातीवर क्रूस काढला
आणि माझं नाणं उचललं.

खोटं कशाला सांगू, मी तोंड उघडलं होतं.
"माझं आहे ते" यातला "मा" दातांपर्यंत आलाही होता.
पण त्यांचा चेहरा...
वर्गात कुणी अवघड नदीचं नाव बरोबर सांगितलं
की व्हायचा तसा.
दार मिटलं.

मी नऊ मजले चढलो.
पाव गार कसा झाला, आईने विचारलं.
मी मूग गिळून बसलो.

दुसऱ्या दिवशी डब्यावर एक नाणं. बाईंनी फेडलेलं.
मी घेणार, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरची दोदो आत आली
आणि तिने मला सांगितलं की या इमारतीत
कुणीतरी देवमाणूस राहतो.
संध्याकाळपर्यंत बभ्रा झाला.
कोण असेल? ज्याला स्वतःला लिफ्ट लागत नाही, तोच!
आणि चांगुलपणाचं खापर
शाल्वाच्या माथी फुटलं.

तो नाही म्हणाला. शपथा घेतल्या.
जितका नाही म्हणे, तितका मोठा होत गेला.
बाई कच्च्या अक्रोडाचा मुरंबा घेऊन आल्या
तेव्हा त्याच्या तोंडात खिळे होते, सात-आठ,
टाच ठोकत होता.
खिळे काढून "अहो, मी नव्हे" म्हणेपर्यंत
बाई गेल्या होत्या.
बरणी राहिली होती.

आता मुरंबा खाल्ल्यावर माणूस काय करणार?
सकाळी डब्यावर तीन नाणी होती.
मग रोज.
कधी कुणी उचलायचं, कधी कुणी दोनाची चार करायचं,
एकदा कुणीतरी कोटाचं बटण ठेवून गेलं
आणि आठवड्याने ते सोडवून नेलं.

मार्चमध्ये माझे तळवे झिजले.
बूट घेऊन शाल्वाकडे गेलो. त्याने उलटे केले,
अंगठ्याने चाचपले, बराच वेळ.
"जिने चढून झिजलेत हे," म्हणाला.
"लिफ्ट असताना?"
मी खिडकीकडे पाहिलं. खोपटाला खिडकी नव्हती.

"दोन लारी," तो म्हणाला, आणि मग,
खिळा ओठांत धरता धरता,
"दहा तेत्री कमी."

एवढंच. पुढे तो विषय
आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

आता लिफ्टला कार्ड लागतं. डबा काढला,
भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन उरलाय.
परवा आईला भेटायला गेलो, तर दाराशी
हातभर कलिंगड सावरत एक पोरगी, नवी भाडेकरू,
कार्ड शोधत होती.
मी माझं टेकवलं.
ती म्हणाली, "तुम्ही नाही येत वर?"
"बुटाची नाडी सुटलीये," मी म्हणालो,
आणि वाकलो.
बूट बिननाडीचे होते.