दोन थांबे

डुलुथचे रस्ते तळ्याकडे घसरत जातात.
म्हणून आर्वो मॅकेला ट्रकमधून उतरला की
आधी चाकांखाली लाकडी पाचरी मारतो,
मग दार वाजवतो.
उतार कुणाचा सगा नसतो, म्हणतो.

नोव्हेंबर. रॅम्पवर बर्फाचा पातळ पापुद्रा.
मांजराच्या पेटीत टाकतात ती वाळू
मी मुठीने पसरतो. मिठापेक्षा बरी,
बुटाला धरते.

घरात दोन रंगांच्या चिकटपट्ट्या:
निळी कोरिनची, पिवळी वेंडेलची.
एकोणीस वर्षांचं सामान
आणि ट्रक एकच, कारण दोन परवडत नाहीत.
निळं उतरायचं पुलापलीकडे, सुपीरियरला,
पिवळं पुढे क्लोकेत.

कॉफीचा पेला घेऊन आर्वो
रिकाम्या ट्रकसमोर उभा राहतो,
स्थळ बघायला आलेल्या मामासारखा.
जड ते आत, केबिनच्या भिंतीला टेकून.
आधी उतरेल ते शेवटी चढेल.
दोन्ही नियम खरे,
आणि पियानो निळा.

"उभा चिरू," तो म्हणतो.
डावी बाजू तिची, उजवी त्याची, थेट दारापर्यंत.
पियानोसमोर वेंडेलची हत्यारांची पेटी,
तिच्या पुस्तकांसमोर
त्याचं वेल्डिंगचं यंत्र.
पुस्तकं लहान खोक्यांत, उशा मोठ्या.
(हे उलटं करणारी माणसं मी पाहिली आहेत.
त्यांची खोकी जिन्यातच तळ सोडतात.)
फ्रिज उभाच. आरसा कडेवर, गाद्यांच्या मधे.
कपाटाचे स्क्रू पिशवीत, पिशवी कपाटालाच बांधलेली.

"कंबर देवाची, गुडघे कंपनीचे!"
मी वाकलो की आर्वो ओरडतो.
मी बसतो, धरतो, उठतो.
वेंडेलही येतो हात लावायला. सांगितलं तरी ऐकत नाही.
पियानोची एक बाजू त्याने धरली
तेव्हा कोरिन दारातून म्हणाली, "तुझी पाठ."
बस्, एवढंच. मग ती आत गेली.

दुपारपर्यंत दोन भिंती उभ्या राहिल्या
आणि मधे उरली वीतभर फट.
आर्वोने तीत हात घालून पाहिला.
"सामान वजनाने मोडत नाही, पोरा.
हलायला जागा मिळाली की मोडतं."

बैठकीतला गालिचा गुंडाळून पडला होता,
पट्टी कुठलीच नाही.
तुझा ना, ती म्हणाली.
मला वाटलं तुझा, तो म्हणाला.
आर्वोने तो उचलला आणि फटीत ठोकून बसवला.
पट्टे आवळले, कचकच, कचकच,
तिचं शिवणयंत्र त्याच्या आरामखुर्चीत रुतलं.
पुलावर वाऱ्याने ट्रक दोनदा ढकलला,
मागून आवाज म्हणून आला नाही.

सुपीरियरमध्ये निळं उतरलं. दीड तास.
पियानो रॅम्पवरून येताना मी खालच्या बाजूला नव्हतो,
तिथे कुणीच नसायचं असतं.
पट्ट्याने धरून इंच इंच सोडला.
कोरिनने आम्हाला सूप दिलं, बिनमिठाचं. मीठ कुठल्या खोक्यात
तिला आठवेना.

मग मी मागचं दार ओढायला गेलो.
आर्वो म्हणाला, थांब.
ट्रक उजवीकडे कलला होता.
पिवळं सगळं एका अंगाला, डावीकडे नुसत्या फळ्या.
"माणसं भरल्या ट्रकला घाबरतात," तो म्हणाला,
"वाट लागते ती अर्ध्याची."

पुन्हा सोडलं सगळं.
यंत्र मधोमध, पेटी केबिनला टेकून,
खुर्ची उलटी, गादी तिच्या पाठीला, पट्टे नव्याने.
काळोखात, बोटं बधिर, पाऊण तास,
ज्याचे पैसे आम्ही लावत नाही.

गालिचा क्लोकेतही कुणी मागितला नाही.
ट्रकमध्येच आहे अजून.
परवा एका दंतवैद्याचं घड्याळ गुंडाळलं त्यात,
तर आतून एक निळा मणी पडला.
आर्वोने तो बुटाने बाजूला सारला,
आणि मला पट्ट्याचं टोक दिलं.