पट्ट्यांची गाडी

मनालीत बर्फावर चालायची म्हणे आधी.
दारावर अजून एक पेंग्विन आहे, अर्धा खरवडलेला.
आता ती ग्वाल्हेरहून तासाभरावर
बीहडाच्या तोंडाशी उभी असते, दर रविवारी,
माणशी चारशे रुपये.

चाकं नाहीत. दोन्ही अंगांना लोखंडी पट्टे,
कडीला कडी, मातीनं लडबडलेले.
सुलभानं माझ्या वतीनं कागदावर सही केली :
हाडं मोडली तर ज्याची त्याची.
हेल्मेटला दुसऱ्या कुणाच्या डोक्याचं आवळ्याचं तेल.
जावईबापूंनी माझा पट्टा आवळला, दोनदा ओढून पाहिला,
टपावरचं सामान पाहतात तसा.

बनवारी किरार हाकणारा. वळून म्हणाला,
“कस के पकड़ियो, बाबूजी.”
मी ऐकलं नाही. पाहिलं.

एकोणतीस वर्षं बिर्लानगरला, साचेखात्यात.
एका छपराखाली दोनशे साचे, धोटे इकडून तिकडे,
कान पहिल्या दोन वर्षांतच गेले बरेचसे,
उरलेले हप्त्याहप्त्यानं.
तिथं बोलत नसे कुणी. ओठ हलवायचे नुसते.
चाळीस फुटांवरून विडी मागायची,
मुकादमाला त्याच्या पाठीमागे शिवी द्यायची,
कुणाला मुलगी झाली, कुणाचा बाप गेला,
सगळं आवाजाशिवाय.
मिल बंद पडली आणि मी शांततेत येऊन बसलो.
तेव्हापासून लोक माझ्याशी मोठ्यानं बोलतात,
तोंड वाकडं करून. वाचता येत नाही.

इंजिन धडधडलं
आणि गाडीतले सगळे माझ्यासारखे झाले.

कड्याच्या काठावर गाडी क्षणभर थबकली,
मग नाक खाली.
पोट वर राहिलं, आम्ही उतरलो.
कवळी जिभेनं दाबून धरली.
पिवळी माती तोंडात, बाभळीचे फटकारे,
दिल्लीची बाई आईला हाका मारत होती,
तिचा नवरा खाली पडलेल्या मोबाइलला.
एका घळीतून मोर उठला, तोही ओरडलाच असणार.
माकडहाड एकेक कडी मोजत होतं.
साचे चालू असताना फरशी अशीच थरथरायची,
तळव्यांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून बरगड्यांत.
किती वर्षांनी.

सुलभा समोरच्या बाकावर. मी हसत होतो,
तिला वाटलं, घाबरलोय.
मग ती अनयकडे वळली. ओरडली नाही.
इतक्या गोंगाटात कोण ऐकणार, अशा बेतानं
साधं, घरातलं बोलली :
“आज सांगू का त्यांना?”
“फोनवर सांग. घरी गेल्यावर.”
“फोनवर कुठं ऐकू येतं.”
आणि मग एक शब्द.
बाळ. किंवा माळ. किंवा पाळ.
ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात,
खात्यात यावरून भांडणं व्हायची.
“या वेळीही राहिलं नाही,” ती म्हणाली.
अनयनं मान खाली घातली, तेव्हा कळलं,
बाळच.

घरी कपाटात मी एक जुना धोटा ठेवलाय,
दोन्ही टोकं घासून बोथट केलेला,
हातात मावेल असा. तेल पाजून.
दर फोनला विचारतो मी, कसं चाललंय.
ती म्हणते, मस्त.
“मस्त” मला फोनवरही ऐकू येतं.

गाडी थांबली. उतरणाऱ्यांचे पाय लटपटत होते.
शांतता पुन्हा येऊन कानात बसली.
सुलभा माझ्या कानाशी वाकली, गळ्याच्या शिरा ताणून :
“बाबा! दुखलं का कुठं?”
मी खिशातून बाराशे काढले, बनवारीला दिले.
तो माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत राहिला.
“बाबा, वेड लागलंय का?” हे मला नीट दिसलं.
पण पट्टा तिनंच आवळला या वेळी.

पुन्हा धडधड. पुन्हा काठ.
लहानपणी तिला ही बोली यायची,
माझी आणि तिच्या आईची भांडणं
रात्री पांघरुणाच्या फटीतून वाचायची.
अजून येते का, ठाऊक नाही.
मी तिच्याकडे तोंड केलं, आवाज न काढता,
सावकाश, प्रत्येक अक्षराला जागा देत
म्हणालो.

बनवारीनं नाक खाली घातलं.
तिचा हात बारवर होता, मग माझ्या गुडघ्यावर.
गाडी जोरात हिंदकळली होती, हेही खरं.